आप्पाचं बूड आणि छोट्या शेठचा डब्बा

आप्पा टेम्पोच्या स्पीडच्या काट्यावर कॅलेंडरचं पान चिकटवून गाडी चालवायचा. दर महिन्याला पान बदलायचा. श्रावण लागला की काट्यावर श्रावण. कोणी विचारलं, "आप्पा, मग स्पीड कसा कळतो?" तर म्हणायचा, "मागे ताडपत्री बांधली आहे ना, ती सांगते. फडफड करते तोवर चाळीस. शिट्टी मारायला लागली की पन्नासच्या वर. अन् एकदम गप्प झाली तर समजायचं, उडून गेली."

त्याचं खरं नाव मी लिहीत नाही. तो अजून जिवंत आहे, आणि कोणी वाचून दाखवलं तर धुळ्याहून भांडायला येईल. मी चौथी पास आहे, तो दुसरी. हे सुरुवातीलाच लिहून टाकतो, कारण तो समोर असता तर एवढं एक वाक्य त्याने लिहू दिलं नसतं.

आम्ही दोघं एकाच साली खानदेशातून सुरतेला आलो. कडोदऱ्याला एकाच खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, लूम चालवले. पुढे माझं मन लूमवरून उडालं आणि मी नवागामला गॅरेज टाकलं. तो त्याच खात्याच्या शेठच्या टेम्पोवर चढला. खात्यातून कोऱ्या कापडाचे ताके भरायचे आणि रंगाच्या मिलमध्ये नेऊन टाकायचे. दिवसाला तीन खेपा. आणि खेपा संपल्या की माझ्या गॅरेजच्या बाकावर बसून माझ्याशी भांडायचं.

भांडण एकच. गाडी मोठी की चालवणारा? तो म्हणायचा चालवणारा. मी मिस्त्री माणूस, मी म्हणणार गाडी.

"मी ब्रेक नीट बसवला नाही तर तुझा चालवणारा जाईल भिंतीत," मी म्हणायचो.

"अन् तू बसवलेला ब्रेक मी दाबलाच नाही तर? तो ब्रेक काय स्वतः उठून दाबणार आहे?"

याला उत्तर नव्हतं असं नाही. माझ्याकडे उत्तर होतं, पण तोपर्यंत चहा यायचा.

गाडीत बसताना तो चपला काढून सीटच्या मागे ठेवायचा. उन्हाळा असो, पाऊस असो, क्लचवर उघडा पाय. "जोडे घालून जेवायला बसतोस का?" तो मला विचारायचा. "मग जोडे घालून क्लच कसा दाबतोस?" गाडीची चावी तो खिशात ठेवायचा नाही. करदोट्याला बांधायचा. त्यामुळे गाडी सुरू करताना आधी शर्ट वर, मग पोट आत, मग चावी बाहेर. चावीला करदोट्याचा लांब दोरा होता, तो काढायचाच नाही. म्हणजे गाडी आणि आप्पा दिवसभर एकमेकांना बांधलेले.

नवा ड्रायव्हर हाताखाली आला की त्याला पहिले दोन दिवस स्टेअरिंगला हात लावू द्यायचा नाही. मागे ताक्यांवर आडवा निजवायचा. "आधी माल हो," म्हणायचा. "मालाला काय वाटतं ते कळू दे. मग गाडी चालव." एक जण दोन वळणांतच हिरवा-पिवळा होऊन उतरला आणि चालत परत लूमवर गेला. पण जे टिकले ते असे टिकले, की आजही त्यांच्या गाडीत पाण्याची बाटली आडवी होत नाही. हे मी गाडीच्या बाजूचा असून लिहितो आहे.

रविवारी तो माझ्या मोबाइलवर रेस बघायचा. ती परदेशातली मोठी रेस, गाड्या कागदी विमानासारख्या चपट्या. बघायचा म्हणजे शिव्या द्यायचा. त्या ड्रायव्हरच्या कानात मागून कोणीतरी सारखं बोलत असतं. टायर सांभाळ, पेट्रोल वाचव, पुढच्या वळणाला हळू. हे त्याला कळलं त्या दिवशी त्याने मोबाइल पालथा ठेवला.

"हा ड्रायव्हर आहे की नवरा?"

"अरे, तिथे शंभर माणसं कॉम्प्युटर लावून बसलेली असतात," मी म्हटलं. "ते गाडी बघतात, हा चालवतो. म्हणजे गाडीच मोठी ना?"

"अन् स्टेअरिंगवर ती बटणं कसली? लिफ्टमध्ये असतात तशी? दुसऱ्या मजल्यावर जायचं आहे का त्याला?"

पण पुढच्या रविवारी परत आला. आणि पाऊस पडला, गाड्या घसरायला लागल्या, एक पोरगा मात्र कोरड्यात चालवावी तशी चालवत राहिला, तेव्हा हा बाकावर उभा राहिला. "बघ! बघ त्याचं बूड कसं बोलतं आहे!" त्याचं म्हणणं, गाडी डोळ्याने चालवायची नसतेच. गाडी आधी बुडाला कळते, मग पायाला, मग हाताला. डोळ्याला कळेपर्यंत तुम्ही खड्ड्यात असता.

आता छोटे शेठ. मोठ्या शेठने धंदा मुलाकडे दिला. पोरगा शिकलेला, बोलायला गोड, आणि त्याला रेसचं वेड. आपली जुनी छोटी गाडी त्याने आतून सगळी सोलून काढली, लोखंडी पिंजरा बसवला, आणि कामरेजकडे मोकळ्या प्लॉटवर मातीची रेस व्हायची तिथे जायला लागला. एका वेळी एकच गाडी धावते, घड्याळ लावतात. त्याच्या गाडीत एक डब्बा होता. तुम्ही ब्रेक किती दाबला, स्टेअरिंग किती फिरवलं, सगळं तो लिहून घेतो आणि लॅपटॉपवर रेघा काढून दाखवतो. कुठे वेळ गेला ते रेघ सांगते. त्याने पोरगा खरंच सुधारला, तिसरा-चौथा यायला लागला. मला तो डब्बा फार आवडला. मी आप्पाला म्हटलं, "बघ, लोखंडाने माणूस शिकवला."

मग छोट्या शेठने तसेच लहान डब्बे सगळ्या टेम्पोंत चिकटवले. साबणाच्या वडीएवढा एक. तो ड्रायव्हरला रोज शंभरपैकी मार्क देणार. सत्तरच्या खाली राहिला त्याची गाडी काढून घेणार.

आप्पाला पहिल्या आठवड्यात एकसष्ट मार्क पडले. का, तर म्हणे वळणं जोरात घेतो. एकही ताका कधी हलला नाही, एका गाडीला कधी घासलं नाही, पण डब्ब्याला धक्का बसतो.

दुसऱ्या आठवड्यात त्याने डब्बा उचकटून वॉचमनच्या खुर्चीखाली ठेवला. शंभर मार्क! बाकीचे ड्रायव्हर बघायला आले. तिथेच थांबला असता तर आप्पा कसला? तिसऱ्या दिवशी त्याने डब्बा वॉचमनच्या टेबलफॅनला चिकटवला. तो फॅन डावीकडून उजवीकडे फिरणारा.

संध्याकाळी छोटे शेठ लॅपटॉप घेऊन खाली आले. "काका, आ शुं छे? गाडी गेट पे खडी है, और दिन में चार हजार टर्न ले रही है?"

"शेठ, सुरतेची ट्रॅफिक," आप्पा म्हणाला.

पोरगा हसला, हे त्याचं मोठेपण. पण मालक होता. म्हणाला, "काका, हसवलंत ते ठीक. पण नियम सगळ्यांना एक. तुमची गाडी मी घेणार."

आप्पाला तेव्हा साठ उलटून गेलेली. घरी मुलं सांगायची, आता बसा. तो मला म्हणायचा, "नाना, चावी गेली की मी घरातल्या फ्रिजसारखा. एका कोपऱ्यात उभा, अन् अधूनमधून घरघर." चेष्टेत म्हणायचा, पण चेष्टा नव्हती ती.

म्हणून त्याने गेटवर सगळ्यांसमोर शेठला सांगितलं, "एका बाजूला तू अन् तुझा डब्बा. एका बाजूला मी. गाडी तुझी, माती तुझी. तुझ्यापेक्षा लवकर आलो तर माझ्या टेम्पोतून डब्बा काढायचा. नाही आलो तर चावी माझ्या हाताने देईन."

शेठ म्हणाले, "काका, विचार करा."

"केला," आप्पा म्हणाला. केला नव्हता.

शेठने मात्र खुल्या दिलाने रेसच्या आधीचे दोन रविवार सरावाला दिले. त्याआधी ऑफिसच्या वरच्या खोलीत नेऊन शिकवायलाही बघितलं. तिथे एक खुर्ची, समोर तीन टीव्ही, स्टेअरिंग, खाली पेडल. बसल्या जागी रेस शिकायची. आप्पा पहिल्याच वळणावर भिंतीत गेला. परत सुरू केली, परत भिंतीत. तिसऱ्यांदा त्याने टीव्हीकडे बघणंच सोडलं आणि खुर्ची हलवून बघितली. "ही हालत नाही," म्हणाला. "हालल्याशिवाय मला काय कळणार? तुम्ही मला पोळी नुसती दाखवता आहात."

कामरेजच्या मातीवर मात्र पहिल्या रविवारीच त्याने शेठला एक वायर काढायला लावली. चाक घसरलं की इंजिनाचा जोर आपोआप कमी करायची ती वायर. "मी घसरवतो तेव्हा मला घसरायचंच असतं," म्हणाला. "मध्ये कोणी बोलायचं नाही."

रेसच्या दिवशी सकाळी गाडी तपासायला शेठने मलाच नेलं होतं. नवागामपासून कामरेजपर्यंत शेठच्या मागच्या सीटवर आप्पा आणि मी, दोघंही तोंड फिरवून. आमचं भांडण चालू होतं. तिथे नियम निघाला, डोक्याला टोप पाहिजे आणि पायात बूट पाहिजे. टोप घातल्यावर तो म्हणाला, "कान बंद. आता पाय पण बंद करा, अन् एक हार घाला." बुटाला त्याने नातीचे शाळेचे पांढरे कॅनव्हासचे बूट आणले होते, टाचा कापून. अर्धी पावलं मागून बाहेर. तपासणारा माणूस बराच वेळ त्या बुटांकडे बघत राहिला. मग बूट तर आहेत, म्हणून जाऊ दिलं.

प्रत्येकाला दोन फेऱ्या. त्यातली जी चांगली ती धरायची. शेठ एक मिनिट बारा सेकंदांत आले. आप्पाची पहिली फेरी एक पंधरा. तीन सेकंद मागे.

लोकांनी टाळ्या वाजवल्या, म्हाताऱ्याला वाजवतात तशा. आप्पाला त्या टाळ्या कळल्या. टोप न काढता गाडीच्या सावलीत बसून राहिला. पांढऱ्या बुटांकडे बघत होता.

आता जे केलं ते मी केलं, आणि लिहितो. पिन घेऊन मी पुढच्या चाकांशी बसलो, तपासतो आहे असं दाखवून. भुसभुशीत मातीत टायर थोडा नरम असला की धरतो, हे शेठच्या पुस्तकात नव्हतं, माझ्या बोटांत होतं. दोन्ही पुढच्या चाकांतून चार-चार पौंड हवा काढायची असं ठरवलं. उजव्यातली चार काढली. डाव्याशी बसलो तेवढ्यात झेंडेवाला जवळ आला, माझा हात दचकला, आणि पाच निघाली. मला त्याची चावीही वाचवायची होती आणि आमचं भांडणही जिंकायचं होतं. तो जिंकला असता तर घरी जाताना मी त्याला सांगणारच होतो, की चालवणारा नाही, माझी हवा जिंकली.

झेंडा पडला. आप्पा सुटला.

काय चालवली त्याने! पहिलं वळण, दुसरं वळण, मागे मातीचा पडदा. अर्ध्या वाटेवर शेठच्या लॅपटॉपवर आकडा आला, आप्पा दीड सेकंद पुढे. शेठ स्वतः ओरडायला लागले, "काका! काका!" आपण हरतो आहोत हे पोरगा विसरूनच गेला. शेवटचं वळण राहिलं, आणि त्याच्या आधी, मोकळ्या रस्त्यावर, गाडी थांबली.

धूळ खाली बसेपर्यंत कोणाला काही कळलं नाही. मग दिसलं, आप्पा बाहेर आला आहे. टोप काढून बॉनेटवर ठेवला. वाकला, डाव्या चाकाला अंगठा लावून दाबलं. उजव्याला दाबलं. बोटाला थुंकी लावून व्हॉल्व्ह बघितला. आणि ओरडला.

"हवा कोनी काढी?"

शेठ लॅपटॉप धरून धावत गेले, मागे मी. "काका, सब बराबर है. डब्ब्यात काहीच चूक दाखवत नाही. उलट गाडी चांगली पळते आहे!"

"चांगलीच पळते. म्हणून तर विचारतो. दोन्ही चाकांतली काढली आहे, अन् डाव्यातली जास्त."

"तुम्हाला कसं कळलं?"

आप्पाने पोराला ज्या ठिकाणावर थाप मारून दाखवली ते ठिकाण मी लिहीत नाही. कुंपणाआडच्या पोरी हसायला लागल्या.

मग त्याने सगळ्यांकडे बघितलं. झेंडेवाल्याकडे, शेठकडे, लांब उभ्या असलेल्या लोकांकडे. माझ्याकडे नाही बघितलं. त्यावरूनच मी समजलो.

पायाचा पंप मागवला. अंगठ्याने दाबत दाबत त्याने दोन्ही चाकं भरली, कोणाला मोजू दिलं नाही. गाडीत बसला आणि वरातीच्या घोड्यासारखी हळू हळू शेवटच्या दोरीपर्यंत आणली. घड्याळ कधीच पुढे गेलं होतं.

शेठ म्हणाले, "काका, ही फेरी धरत नाही. आणखी एक घ्या."

"दोन म्हणजे दोन."

"पण गडबड तुम्ही केली नाही ना!"

"गाडी मी चालवत होतो की नाही? मग गाडीत जे झालं ते माझं."

त्याने शर्ट वर केला आणि करदोट्याची गाठ सोडायला लागला. पंचवीस-तीस वर्षांची गाठ, घामाने दगड झालेली. सुटेना. तीसेक गाड्यांची माणसं भोवती उभी, आणि हा पोट उघडं टाकून गाठीशी झोंबतो आहे. दात लावायला गेला तर दात पोचेनात. शेवटी हात पुढे केला, माझ्याकडे न बघता.

"नाना, पकड दे."

मी खिशातली पकड दिली. माझ्याच पकडीने त्याने दोरा तोडला आणि चावी शेठच्या हातावर ठेवली. तेव्हा मी बोलायला हवं होतं. बोललो नाही. माझी मान असल्या वेळी वाकत नाही. जन्मापासून तशीच आहे.

शेठने ती चावी वापरली नाही. ऑफिसात खिळ्याला अडकवून ठेवली आणि दोनदा माणूस पाठवला, की काकांनी घेऊन जावी. आप्पाने दोन्ही वेळा सांगितलं, "हरलो आहे. हरलेल्याला चावी कशी देता? डब्बा काय म्हणेल?"

तिसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या गॅरेजमध्ये आला. बाकावर बसला. मी म्हटलं, "आज इकडे कसा?"

"ज्याने माझी गाडी घालवली त्याच्याकडे आता मी बसणार," म्हणाला.

"कोणी घालवली?"

"तेच बघायला बसतो आहे."

चार वर्षं बसला. नुसता बसला असता तर चाललं असतं. मी गाडी दुरुस्त केली की हा चपला काढून तीत चढायचा, नाक्यापर्यंत एक चक्कर मारून यायचा आणि गिऱ्हाइकासमोर सांगायचा, "मागचा उजवा पाटा ढिला राहिला आहे. मिस्त्रीला म्हणावं, झोपू नको." आणि ढिला असायचा. गिऱ्हाइकं अशी बिघडली, की मी चावी हातात दिली तरी हलायची नाहीत. "आप्पा बसून आले का?" छोटे शेठ रेसची गाडी माझ्याकडे आणायला लागले, म्हणजे माझ्याकडे नाही, आप्पाकडे. डाव्या सीटवर त्याला बसवायचे, चक्कर मारून आणायचे आणि वही काढून विचारायचे, "बोलो काका." पोरगा त्याच्या डब्ब्यासह पुढे पहिला आला. टेम्पोंतले डब्बेही तसेच राहिले. कोणी काही काढलं नाही.

त्या चार वर्षांत आठवड्यातून एकदा तरी आप्पा सहज विचारायचा, "नाना, हवा कोणी काढली असेल रे?" मी म्हणायचो, "व्हॉल्व्ह खराब असेल." तो म्हणायचा, "दोन्ही?" मी म्हणायचो, "असतात." आणि मी पान्याला लागायचो.

मग त्याचे गुडघे गेले आणि मोठा मुलगा त्याला गावी घेऊन निघाला. मी एसटी स्टँडवर सोडायला गेलो. मुलगा सामान लावत होता. आप्पा खिडकीशी बसला होता, मी खाली उभा. तो माझ्या धंद्यावर घसरला.

"तू मिस्त्री म्हणून कामाचा नाहीस, नाना. कधीच नव्हतास. साधी हवा काढायची, तर डाव्यातून आठ पौंड काढलीस. आठ! टायरच उतरला असता रिंगवरून."

"आठ?" माझं डोकंच फिरलं. "आठ कुठली? पाच! ती पण झेंडेवाला मध्ये आला म्हणून, नाहीतर चारच..."

आणि मी तोंड मिटलं.

आप्पा हसायला लागला. इतका हसला, की पुढच्या सीटवरची बाई वळून बघायला लागली. डोळे पुसतो, परत हसतो. "चार वर्षं! चार वर्षं लागली माले!"

कंडक्टरने घंटी मारली. गाडी धक्क्याने हलली. मी दोन पावलं बरोबर चाललो. म्हटलं, आता राहिलं काय, विचारून घेऊ. "तुला कळलं कधी? शेवटच्या वळणाला?"

"नई रे! पहिल्याच वळणावर!"

"मग शेवटपर्यंत काय करत होतास?"

गाडी स्टँडच्या फाटकाकडे वळली. आप्पाने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं. मुलगा आतून त्याचा शर्ट ओढत होता.

"मजा करी राहिंतू!" तो ओरडला. "जल्ममां अशी गाडी चालाडेल नव्हती, नाना!"